तांबड्या झग्याचं गाणं

गाण्याचं खरं नाव स्पॅनिशमध्ये होतं आणि ते गोराईत कुणालाच धड म्हणता येत नव्हतं. म्हणून कोळीवाड्यानं आपल्या परीनं त्याचं बारसं केलं आणि नाव ठेवलं ‘तांबड्या झग्याचं गाणं’. कारण व्हिडिओत एक बाई तांबडा झगा घालून धक्क्यावर नाचते आणि शेवटपर्यंत आपल्याकडे तोंड म्हणून करत नाही. पाठमोरीच नाचते. दोन्ही हात वर करून डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे हलवते. बस, एवढीच स्टेप. पण तिनं जगाला वेड लावलं. जपानची शाळकरी पोरं ती स्टेप करत होती, ब्राझीलमधले फुटबॉलवाले गोल झाला की तीच करत होते. बोरिवलीच्या नवरात्रात लोकांनी टिपऱ्या कमरेला खोचून तीच केली. अंधेरीच्या जिममध्ये त्या गाण्यावर घाम गाळला जात होता आणि मालाडच्या एका इच्छुक नगरसेवकानं तर त्याच चालीवर स्वतःचं नाव बसवून रिक्षा फिरवली. कानामागून आलं आणि तिखट झालं, अशातलं ते गाणं. त्याचा अर्थ कुणालाच ठाऊक नव्हता, आणि त्यावाचून कुणाचं काही अडलंही नव्हतं.

अडलं ते सखुबाईचं.

सखुबाई ही गावातली धवलारीण. कोळ्यांच्या लग्नात भटजी येतो, नाही असं नाही, पण त्याच्या आधी धवलारीण बसते. ती धवले गाते, आणि तिच्या गाण्याशिवाय हळद लागत नाही की मांडवात देव बसत नाहीत. गावदेवीला, एकवीरेला, वेशीवरच्या देवाला, समुद्राला, ती एकेकाला नावानं हाक मारून लग्नाला बोलावते. मग घरातल्या मेलेल्या माणसांना बोलावते. मग जित्यांना. हे सगळं तिच्या तोंडी आहे, तिच्या आईच्या तोंडून आलेलं. बाईचे दात गेले, पण आवाज जागचा हलला नाही. स्वभावही हलला नाही. तो पहिल्यापासून कडूच होता.

कल्पिताचं लग्न ठरलं तेव्हा ती सखुबाईकडे सुपारी घेऊन गेली. सखुबाई नात्यानं तिच्या बापाची आत्या, म्हणून कल्पिता तिला आजी म्हणायची. सुपारी घेऊन झाली, चहा झाला, आणि कल्पितानं जाता जाता म्हटल्यासारखं म्हटलं, “आजी, हळदीला बेंजोवाल्यांना ते तांबड्या झग्याचं गाणं वाजवायला सांगणार आहे हां मी.”

“वाजवा की. कंचं गानं?”

कल्पितानं मोबाइलवर लावून दाखवलं. सखुबाईनं बशी खाली ठेवून पूर्ण ऐकलं. मान डोलावली नाही, पण पायाचा अंगठा हलत होता, ते कल्पितानं पाहिलं.

“कुनाला बोलवतंय ह्ये?”

“म्हणजे?”

“अगो, ती बाई कुनाला तरी हाक मारतेय. आयकायला येत नाय तुला? कुनाला मारतेय?”

“मला काय माहीत. स्पॅनिश आहे ते.”

“मग नाय वाजवायचं,” सखुबाई म्हणाली आणि सुपारी परत पुढे सरकवली. “मांडवात हाक मारली का ज्याला मारली तो येतो. मी देवाला बोलवते, पितरांना बोलवते, सगल्यांना वलखते म्हनून बोलवते. कोन कुटला उपरा बोलावून ठेवाल, त्याला मागनं कोन घालवनार? मना अरथ नको सांगू त्याचा. कुनाला बोलवतंय तेवढं सांग. नायतर दुसरी धवलारीण बघ.”

दुसरी धवलारीण गोराईत नव्हती. मनोरीत एक होती, तिचा घसा गेला होता. कल्पितानं सुपारी पुन्हा आजीच्या हातात कोंबली आणि म्हणाली, “सांगते विचारून.”

तुम्ही म्हणाल, एका गाण्यासाठी एवढी उठाठेव कशाला? दुसरं लावायचं. लग्नाच्या हळदीला गाण्यांचा काय दुष्काळ आहे? बेंजोवाला चैतन्यही तिला तेच म्हणाला. पण ते गाणं प्रज्योतचं होतं.

प्रज्योत हा कल्पिताचा धाकटा भाऊ. ते गाणं नुकतंच आलं होतं, जगानं अजून डोक्यावर घेतलं नव्हतं, तेव्हापासून ते त्याच्या मोबाइलवर होतं. काकाच्या बोटीवर खलाशी म्हणून जायचा. बोटीवर एक स्पीकर बांधून ठेवला होता आणि खाडीच्या तोंडाशी आला की हे गाणं मोठ्यानं लावायचा, म्हणजे घरात कळायचं, आला, चूल पेटवा. तीन वर्षांपूर्वी अवेळी वादळ झालं. बोट परत आली, बरोबरचे आले. प्रज्योत तेवढा आला नाही. शोध झाला, हेलिकॉप्टरही फिरलं. काही सापडलं नाही.

आणि त्या ‘काही सापडलं नाही’ मध्ये कल्पिताची आई, रुक्मिणी, अजून उभी होती. त्याचे दिवस घालायला तिनं साफ नकार दिला. “माजा पोर गेला ह्ये मना दाखवा, मंग घालते,” असं म्हणून तिनं सगळ्या जमातीला गप्प केलं होतं. ती बाजारात मासे विकायची, बोंबील सुकवायची, हसायचीसुद्धा. पण ते गाणं कुठं लागलं की हातातलं काम टाकून उठायची आणि लांब जायची. त्या वादळानंतर तिनं ते कधी पुरं ऐकलं नव्हतं, आणि व्हिडिओ तर पाहिलाच नव्हता.

आता लग्न आलं आणि पेच उभा राहिला. सखुबाई मेलेल्यांना बोलावणार, त्यात प्रज्योतचं नाव घेता येणार नव्हतं, रुक्मिणीनं मांडव उधळला असता. जित्यांना बोलावणार, त्यातही घेता येणार नव्हतं. म्हणजे सगळ्या गावाला, सगळ्या देवांना, कधी न पाहिलेल्या खापरपणजोबालासुद्धा आवतण, आणि सख्ख्या भावाला नाही. हे कल्पिताच्या घशाखाली उतरत नव्हतं. हळदीला निदान त्याचं गाणं वाजावं, एवढंच तिला हवं होतं. ते आईला कसं सहन होईल, हा विचार तिनं मुद्दाम पुढं ढकलला होता.

तर आधी अर्थ. कल्पिता काही अडाणी नव्हती. मालाडला एका मोठ्या कंपनीच्या ग्राहकसेवेत होती, दिवसभर परदेशातल्या लोकांच्या शिव्या गोड आवाजात ऐकून घ्यायची. तिनं मोबाइलमधल्या भाषांतरवाल्या ॲपला गाणं घातलं. ॲपनं सांगितलं : ये, ये, मी तांबडं नेसले आहे. ये, ढोल वाजत आहे. जेवण गरम आहे. पाणी फार मोठं आहे, पण तू ये. मी पाठ फिरवणार नाही.

शब्द कळले. पण कुणाला?

ऑफिसात अनिरुद्ध म्हणून एक पोरगा होता, बोरिवलीचा. त्यानं स्पॅनिशच्या परीक्षा दिल्या होत्या आणि मेक्सिकोचे फोन त्याच्याकडे यायचे. कॅन्टीनमध्ये तिनं त्याला गाठलं.

“सोपंय यार,” तो सामोसा मोडत म्हणाला. “प्रियकर. सगळी लॅटिन गाणी प्रियकराला असतात. तांबडा ड्रेस, नाच, ये-ये. अजून काय असणार?”

“कुठं लिहिलंय तसं?”

“अगं, सगळीकडे लिहिलंय. एका मुलाखतीत ती सिंगर म्हणाली, गाणं माझ्या आजीचं आहे. पेपरवाल्यांनी छापलं, आजीची प्रेमकहाणी.”

“आजीची प्रेमकहाणी असं ती म्हणाली?”

अनिरुद्धनं सामोसा खाली ठेवला. “नाही. आजीचं आहे, एवढंच म्हणाली. मग हसली आणि नाचायला लागली.”

कल्पितानं घरी जाऊन सखुबाईला सांगितलं की प्रियकराला बोलावतेय. सखुबाईनं तिच्याकडे असं पाहिलं, जसं शिळी मासळी ताजी म्हणून विकणाऱ्याकडे पाहतात.

“लवरला बोलवायला एवडा ढोल? सगला गाव गोला करून? अगो, तू इपुलला बोलवतेस तं ढोल वाजवून बोलवतेस काय? गुपचूप मेसेज टाकतेस. ह्यो कोन लांबचा हाय. लय लांबचा. जा, नीट इचारून ये.”

विपुल म्हणजे कल्पिताचा होणारा नवरा. तो मेसेजलासुद्धा उशिरा उत्तर द्यायचा, हा भाग वेगळा.

तिला राग आला खरा, पण म्हातारीचा मुद्दा डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी फेरीबोटीत उभं राहून तिनं व्हिडिओ पुन्हा पाहिला, मग पुन्हा. कोट्यवधी लोकांनी जो पाहिला होता, तो आता आपण पहिल्यांदाच पाहतोय असं तिला वाटायला लागलं. ही बाई आपल्याकडे का बघत नाही? नाचणारी माणसं बघणाऱ्याकडे तोंड करतात. आणि ढोल मधेच थांबतो का? कडवं संपलं की एक क्षण सगळं गप्प होतं, नुसता लाटांचा आवाज, आणि पुन्हा ढोल. लोक त्या शांततेत टाळ्या मारतात, शिट्ट्या मारतात. पण गाण्यात ती जागा टाळ्यांसाठी ठेवलेली वाटत नव्हती. कुणी उत्तर देतंय का, हे ऐकायला थांबावं तशी ती जागा होती.

अनिरुद्धलाही एव्हाना चटक लागली होती. त्यानं व्हिडिओखाली स्पॅनिशमध्ये लिहून टाकलं : आम्ही भारतातून, मुंबईजवळच्या एका मासेमारीच्या गावातून विचारतोय. आमच्या लग्नात हे गाणं वाजायचं आहे. आमची एक आजी विचारते, ही बाई कुणाला बोलावतेय?

उत्तरं आली, धो धो आली. कुणी म्हणे उन्हाळ्याला. कुणी म्हणे माझ्या नवऱ्याला, तो सोफ्यावरून उठत नाही. एकानं लिहिलं, पिझ्झावाल्याला. एका प्राध्यापकानं लांबलचक निबंध लिहिला की हा बाईच्या स्वातंत्र्याचा उत्सव आहे. बरेच जण सखुबाईवरच फिदा झाले आणि आजीचा फोटो मागू लागले. दोन दिवस कॅन्टीनमध्ये या उत्तरांवर करमणूक चालली. आणि मग एक छोटं उत्तर आलं, मारिसोल नावाच्या बाईचं : “तुमची आजी हुशार आहे. मी त्या गायिकेच्या गावची. मासे विकते. लिहून सांगण्यासारखं नाही. फोन करा.”

त्यांची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ. रविवारी अनिरुद्ध फेरीबोटीनं गोराईला आला. घरात बाबा, म्हणजे रामनाथ, मांडवाच्या बांबूवाल्याशी हुज्जत घालत होते, म्हणून कल्पिता त्याला मागच्या अंगणात घेऊन गेली. तिथं वलांड्यांवर, म्हणजे बांबूच्या आडव्या काठ्यांवर, बोंबील तोंडात तोंड अडकवून सुकायला घातले होते. अनिरुद्ध पक्का शाकाहारी. त्यानं नाकाला रुमाल लावला, पण परत जातो म्हणाला नाही. हे त्याच्या नावावर लिहून ठेवायला हवं.

रुक्मिणी पलीकडे सुकलेले बोंबील काढत होती. “मावशी, नमस्कार,” अनिरुद्ध रुमालातून म्हणाला.

“बस बाला. वास सोसत नाय ना? चा करू?”

“नको, नको.”

फोन लागला. पडद्यावर एक जाड, सावळी बाई आली, डोक्याला फडकं, हातात सुरी, आणि समोर फळीवर एक चांगला लांबलचक मासा. ती बोलत होती आणि मासा कापत होती, दोन्ही एकदमच. रुक्मिणीची मान वळली. माणूस कोण, भाषा कुठली, हे पुढचं. मासा कापायची पद्धत तिनं आधी पाहिली.

“तिला सांग, पाठीवरच्या परांचा काटा आधी काडला तं लवकर होईल,” ती लांबूनच म्हणाली.

अनिरुद्धनं सांगितलं. मारिसोल खो खो हसली आणि सुरी दाखवून काहीतरी म्हणाली. “म्हणते, तिच्या सासूनंही तेच सांगितलं होतं, तेव्हापासून ती मुद्दाम तसं करत नाही.”

रुक्मिणी जवळ आली. बायका बायकांत हे असं होतं. भाषेचं घोडं मागून येतं, ओळख आधीच झालेली असते.

मग मारिसोलनं फोन उचलला आणि चालत चालत धक्क्यापर्यंत गेली. तोच धक्का, व्हिडिओतला. लाकडी, मोडका, कडेला होड्या. ती बोलू लागली आणि अनिरुद्ध वाक्यामागून वाक्य मराठीत आणू लागला. आधी तो भराभर बोलत होता. मग हळू बोलायला लागला.

“म्हणते, आमच्या गावात माणूस घरात मेला की काळे कपडे, चर्च, सगळं नीट. पण समुद्रात गेला आणि सापडला नाही, तर त्याचं काय करायचं? पुरायला काही नाही. मेला म्हणायचं तर कुणी पाहिलं नाही. आहे म्हणायचं तर... तर येत नाही.” अनिरुद्धनं कल्पिताकडे पाहिलं. प्रज्योतचं त्याला ठाऊक होतं, ऑफिसात सगळ्यांना होतं. कल्पितानं मानेनंच सांगितलं, थांबू नकोस.

“म्हणून त्याच्या घरच्या बायका वर्षातून एकदा इथं धक्क्यावर येतात. काळं घालत नाहीत, कारण काळं पाण्यावरून दिसत नाही. तांबडं घालतात. गावाकडे पाठ करतात, समुद्राकडे तोंड. ढोल मोठ्यानं वाजवतात, आवाज लांब जावा म्हणून. मग थांबतात. ऐकतात. पुन्हा वाजवतात. त्याला सांगतात, घरी काय चाललंय, कुणाचं लग्न झालं, जेवायला काय केलंय. ये म्हणतात. गायिकेची आजी तिच्या भावासाठी हे करायची. पोरीनं ते गाणं शहरात नेलं, त्यात इलेक्ट्रॉनिक बीट घातले, आणि...” त्यानं हात पसरले, म्हणजे पुढचं सगळ्या जगाला माहीत आहे.

कल्पिताचे स्वतःचे पाय त्या गाण्यावर कितीदा नाचले होते, शेजारच्या हळदीत, ऑफिसच्या पार्टीत, ती पाठमोरी स्टेप, हात हलवत. तोंड कुठं होतं तेव्हा तिचं? फुलांच्या कमानीकडे. भिंतीकडे. आणि ती कोळ्याची पोर होती. खाडीच्या तोंडाशी आलेल्या बोटीला हात करत ती लहानाची मोठी झाली होती. जपानमधल्या पोरांना नाही कळलं तर नाही. तिला कळायला हवं होतं.

“तुम्हाला राग नाही आला?” तिनं विचारलं. “जग नाचतंय यावर. लग्नात, जिममध्ये.”

मारिसोलनं खांदे उडवले. “आधी आला, म्हणते. फार आला. दारू पिऊन लोक यावर नाचतात, म्हणून गावातल्या बायका त्या पोरीशी बोलेनात. मग एक म्हातारी म्हणाली, अगं, आपण इथं चार जणी ओरडत होतो. आता सगळ्या जगाचे किनारे ओरडतायत. समुद्र तर एकच आहे. कुठंतरी ऐकू जाईल.”

रुक्मिणीच्या हातात बोंबलांची पाटी होती, ती तिनं खाली ठेवली नव्हती.

“तिला इचार,” ती म्हणाली, “तिचा कोन?”

अनिरुद्धनं विचारलं. सुरी आता मारिसोलच्या हातात नव्हती.

“मुलगा,” अनिरुद्ध म्हणाला.

“परत आयला?”

हे भाषांतर करावं लागलं नाही. मारिसोलनं मान हलवली, नाही. मग ती रुक्मिणीकडेच बघून बोलली, आणि अनिरुद्धनं ते मराठीत आणलं. “म्हणते, नाही आला. पण बोलावलं, तर घशातला दगड वर्षभर हलका राहतो. आणि बोलावलं म्हणजे मेला असं होत नाही. तसं कुणी म्हणालं, तर त्याला माझ्याकडे पाठवा.”

रुक्मिणीनं पाटी कमरेवर घेतली आणि घरात निघून गेली. बराच वेळ आतून भांड्यांचा आवाज येत राहिला. अनिरुद्धनं डोळे पुसले आणि बोंबलाच्या वासाला दोष दिला.

सखुबाईला सांगायला कल्पिता गेली ती घाबरतच. खोटं सांगायचा मोह तिला वाटेत दोनदा झाला. प्रियकरच आहे, पण बोटीवर गेलेला, एवढं म्हटलं असतं तर काम झालं असतं. पण आजीच्या दारात उभं राहिल्यावर तिच्या तोंडून सगळं खरं खरं बाहेर पडलं, पार मारिसोलच्या माशापर्यंत.

सखुबाई ऐकून उंबऱ्यातच बसली. कल्पितानं तिला असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

“माज्या आयनं मना सगल्यांच्या हाका दिल्या,” शेवटी ती म्हणाली. “देवाची दिली. पितरांची दिली. वाघाची दिली गो, गोराईत वाघ नाय तरी. पन जो गेला बी नाय नि आयला बी नाय, त्याची हाक माज्याकडं नाय. तीन वरसां मी तुज्या आयच्या समोरनं जात नाय, ठाव हाय तुला? मागच्या गल्लीतनं जाते. काय तोंड दाखवू? समद्या गावाला बोलवनारी मी, नि माज्या घरच्या पोराला बोलवायला माज्याकडं गानं नाय.”

कल्पिताला आजीचा हात धरावासा वाटला आणि तिनं धरला. म्हातारीनं तो झिडकारला नाही, यावरूनच काय ते समजावं.

“मग वाजवायचं ना?”

“ह्ये सांगायचा हक मना नाय. पितरांत पोराचं नाव घालूं दिलं नाय तुज्या आयनं, ते तिनं बरोबर केलं. ही हाक बी तिची. ती हो बोलली तं वाजंल. तिनं तोंड फिरवलं तं चैतन्यला सांग, बेंजो गुंडालून ठेव. आनि तू तिला इचारायचं नाय, सांगून ठेवते. आयला इचारून हाक मारायला लावत नसतात.”

झालं. म्हणजे आता सगळं रुक्मिणीवर, आणि रुक्मिणीला विचारायचं नाही. लग्न आठवड्यावर आलं, घरात पाहुणे दाटले, रवा, साखर, नारळ येऊन पडले. रुक्मिणी पाहुण्यांना जेवू घालत होती, शेजारणींवर ओरडत होती, आणि त्या रविवारबद्दल एक अक्षर बोलत नव्हती. कल्पिता तिच्या तोंडाकडे बघून बघून थकली. बोंबलासारखा एक माणूस वाळत घालावा आणि त्याला बोल म्हणावं, तशी गत. उलट एकदा कल्पितानं मोबाइल विसरून स्वयंपाकघरात ठेवला, तर आई त्याच्यापासून हातभर लांब उभी राहून पोळ्या लाटत होती.

हळदीच्या दिवशी ऊन उतरताना सखुबाई मांडवात बसली. जात्याला पाच सवाशिणींचे हात लागले, हळकुंडं फुटली, आणि म्हातारीनं आवाज लावला. गावदेवी आली, एकवीरा आली, समुद्र आला. मग पितर. रामनाथच्या बापाचं नाव, त्याच्या बापाचं, बुडालेल्यांची, बाळंतपणात गेलेल्या बायकांची. कल्पिता पाटावर हळदीनं पिवळी होऊन बसली होती आणि एकेक नाव ऐकत होती. शेवटचं नाव झालं. सखुबाई थांबली. दर लग्नात ती इथं थांबत नाही, लगेच जित्यांकडे वळते. आज थांबली आणि तिनं रुक्मिणीकडे पाहिलं. कोपऱ्यात चैतन्यनं बेंजोवर बोटं ठेवली होती. त्याच्यामागे मांडवाच्या तोंडाशी दोन मोठे स्पीकर होते, गल्लीकडे तोंड केलेले, म्हणजे सगळ्या वाडीला ऐकू जावं.

रुक्मिणी उठली आणि मांडवाबाहेर गेली.

कल्पितानं मान खाली घातली. संपलं, तिला वाटलं. नेहमीसारखी ती लांब गेली. तिला आईचा राग आला नाही, स्वतःचाच आला. आपल्या हळदीसाठी आपण तिचा दगड उकरून काढला. सखुबाईनं घसा खाकरला, आता जित्यांची नावं सुरू होणार, आणि तेवढ्यात बायकांत कुजबुज झाली. कल्पितानं वर पाहिलं.

रुक्मिणी परत आली होती. मघाशी अंगावर हिरवी साडी होती. आता लग्नातलं जुनं तांबडं लुगडं होतं, कोळणी नेसतात तसं घट्ट कासोट्याचं, घडीच्या रेषा अजून मोडलेल्या नव्हत्या. ती कुणाकडेही न बघता सरळ स्पीकरपाशी गेली आणि एकाला खांदा लावून ढकलू लागली. तो हलेना. रामनाथ धावले, चैतन्य बेंजो टाकून धावला.

“काकी, काय करताय? आवाज वाडीत जायला पाहिजे ना.”

“वाडीला आवतन गेलंय,” रुक्मिणी म्हणाली. “खाडीकडं फिरव.”

स्पीकर फिरले. मांडवाच्या त्या बाजूला शेजारच्या दोन घरांमधून खाडीचं तोंड दिसत होतं आणि त्यापलीकडे उजेड जात चाललेला समुद्र. चैतन्यनं ढोलकीवाल्याला खूण केली आणि तांबड्या झग्याचं गाणं सुरू झालं. पोरं सवयीनं कमानीकडे तोंड करून हात वर करायला लागली. सखुबाई पाटावरून ओरडली, “फिरा रं मेल्यांनो! तिकडं कोन हाय?” आणि सगळा मांडव फिरला. हळद लावलेली कल्पिताही पाटावर उभी राहिली आणि फिरली. नवरीनं पाट सोडू नये म्हणतात. तिनं सोडला नाही.

कडवं संपलं. ढोलकी थांबली. त्या शांततेत या वेळी कुणी शिट्टी मारली नाही. रुक्मिणी सगळ्यांच्या पुढं उभी होती, हात वर, आणि तीन वर्षांत जे नाव तिनं मोठ्यानं उच्चारलं नव्हतं ते तिनं खाडीच्या तोंडाकडे फेकलं.

“प्रज्योऽऽत! बायची हलद हाय रं! जेवन गरम हाय!”

सगळे ऐकत उभे राहिले. मग सखुबाईनं मान हलवली आणि ढोलकी पुन्हा सुरू झाली.